बिनवायरचे ड्रिल घेताना त्याची घडण आणि टिकाऊपणा कसा पारखावा?

गिरमिट

गेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, आणि त्यापायी घरची बोलणी खाऊन, मी एक बंद पडलेले बिनवायरचे ड्रिल उघडले. असे उघडलेले हे माझे सहावे. भोसरीच्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरी झाल्यामुळे निवृत्तीनंतरही नातेवाईक आणि शेजारी आपापली मेलेली यंत्रे माझ्याकडे आणून टाकतात, आणि ते यंत्र कशाने मेले हे पाहिल्याशिवाय मलाही ते भंगारात देववत नाही. या सहांपैकी मोटर जळालेले ड्रिल एकच निघाले. तिघांच्या बॅटरीने मान टाकली होती, एकाचे ट्रिगरचे स्विच गेले होते आणि एकाचा चक, म्हणजे बिट (भोक पाडणारी सळई) धरणारी पुढची पकड, इतका लंगडा झाला होता की बिट फिरताना हवेत वर्तुळ काढीत असे. सहा यंत्रांवरून सिद्धान्त मांडण्याइतका मी भोळा नाही, परंतु दुकानात आपल्याला जे आकडे सांगितले जातात ते जवळजवळ सगळे मोटरीचे असतात आणि यंत्र मरते ते बहुधा दुसऱ्याच कशाने तरी, एवढे म्हणण्याचे धाडस मी करतो.

दुकानात उभ्या उभ्या काय पाहता येईल ते सांगतो. सर्वप्रथम चक. आपल्या सहा मिलिमीटरच्या बिटाला वाकलेपण नाही याची घरीच काचेवर लोळवून खात्री करून ते सोबत न्यावे, चकमध्ये घट्ट बसवावे आणि ट्रिगर अगदी हलका दाबून ड्रिल सावकाश फिरवावे. बिटाचे टोक जागच्या जागी फिरायला हवे. ते डोळ्यांना डोलताना दिसले तर ते यंत्र खाली ठेवावे, मग त्यावर नाव कोणाचेही असो. त्यानंतर चक मुठीत धरून वर-खाली व आजूबाजूला हलवून पाहावा. बाजूचा खेळ म्हणजे बेअरिंग किंवा बुश सैल. आत-बाहेरचा किंचित खेळ मात्र हॅमरची सोय असलेल्या ड्रिलमध्ये असतोच, कारण ठोका देण्यासाठी दांड्याला पुढे-मागे सरकावे लागते. त्याला दोष समजून चांगले यंत्र नाकारणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहे. शेवटी दीड-दोन मिलिमीटरचे बारीक बिट त्या चकच्या तिन्ही जबड्यांत सरळ धरले जाते का, तेही पाहावे.

दुसरी गोष्ट ट्रिगर. तो हळूहळू दाबला असता वेग शून्यापासून सलग वाढला पाहिजे. पहिले अर्धे अंतर काहीच घडत नाही आणि मग यंत्र एकदम उसळते, असे असेल तर त्या ड्रिलने स्क्रू बसवताना डोके खराब होणार हे नक्की समजावे. ट्रिगर सोडताच चक तत्काळ थांबायला हवा. वेग बदलण्याची वरची पट्टी एक-दोन वेळा सरकवून पाहावी, पण ती मोटर थांबलेली असतानाच, कारण फिरत्या गिअरमध्ये ती ढकलणे म्हणजे दात झिजवून घेणे होय. अंतर्गत रचना साधी असते: मोटरीच्या टोकावरचा लहान गिअर, त्याभोवती फिरणारे तीन-चार ग्रहगिअर, अशा दोन किंवा तीन पायऱ्या, आणि या पट्टीने सरकणारे बाहेरचे दातेरी कडे. ग्रहगिअरांची पहिली पायरी काही यंत्रांत नायलॉनची असते. तिच्यावर ताण कमी आणि वेग अधिक असल्यामुळे तेथे नायलॉन वापरणे हा प्रत्येक वेळी कंजूषपणा नसतो, आवाजही त्याने कमी होतो. शेवटची पायरी मात्र धातूचीच हवी.

आणि टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर. खोक्यावर जो मोठा आकडा छापतात तो बहुधा ‘कडक’ जोडाचा असतो, म्हणजे लोखंडात बोल्ट आवळताना शेवटी एका झटक्यात लागणारा. लाकडात लांब स्क्रू शिरत असताना सातत्याने मिळणारा ‘मऊ’ टॉर्क त्याहून पुष्कळ कमी असतो. जे उत्पादक माहितीपत्रकात हे दोन्ही आकडे वेगवेगळे देतात, त्यांच्याविषयी माझे मत आपोआप थोडे बरे होते.

बॅटरीविषयी बरेच लिहिण्याजोगे आहे, पण आधी इतरांचे अनुभव ऐकावेत असे वाटते.

चॅनेल-बिजागरी

गिरमिट काका, मी ठाण्यात मॉड्युलर किचन बसवण्याचे काम करतो, त्यामुळे माझे ड्रिल दिवसातून सहा-सात तास हातात असते. आपले निरीक्षण मला पटले, मात्र आमच्या कामात आणखी एक मरण असते, आणि ते म्हणजे बॅटरी जिथे सरकवून बसवतात त्या खाचेचे. शिडीवरून किंवा ओट्यावरून ड्रिल पडते तेव्हा ते बहुधा बॅटरीच्या बाजूवर पडते. कवच फुटत नाही, म्हणून आपल्याला वाटते की वाचले. परंतु खाच किंचित ढिली होते, पितळी पट्ट्यांचा स्पर्श अपुरा राहतो, तिथे ठिणगी पडू लागते आणि काही महिन्यांत प्लॅस्टिक काळे पडून वितळते. म्हणून नवे ड्रिल घेताना मी बॅटरी बसवून यंत्र जोरात हलवतो. खडखड ऐकू आली तर मी ते घेत नाही.

घडणीविषयी माझी पहिली अट लांबीची असते. कपाटाच्या आत, दोन फळ्यांच्या मध्ये, बिजागरीचा स्क्रू बसवायचा असतो तेव्हा चकच्या टोकापासून मागच्या बाजूपर्यंत सोळा-सतरा सेंटिमीटरचे यंत्र आणि वीस-एकवीस सेंटिमीटरचे यंत्र यांत काम होणे आणि न होणे एवढा फरक पडतो. दुसरी अट दिव्याची. दिवा चकच्या लगेच खाली, ट्रिगरच्या वर असला की चकची सावली नेमकी खुणेवर पडते. तोच खाली बॅटरीपाशी असून वर रोखलेला असला तर खूण स्वच्छ दिसते. हे कागदावर क्षुल्लक वाटेल, पण दिवसाला शंभरावर स्क्रू बसवणाऱ्याला ते क्षुल्लक नाही.

क्लचबाबत, म्हणजे ठरावीक जोर झाला की चकचे फिरणे सोडवणाऱ्या आकड्यांच्या कड्याबाबत, एवढेच सांगतो की भुशाच्या दाबीव फळीत स्क्रू बसवताना मी तीन-चारच्या वर कधी जात नाही, आणि ज्या यंत्राचा क्लच एकवर ठेवूनही स्क्रूचे डोके सनमायक्यात घुसते ते यंत्र मी फक्त भोके पाडायला ठेवतो.

चिऱ्याचे घर

मी रत्नागिरीजवळ राहते. घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे आणि पडद्याच्या दांड्या, फळ्या, कपडे वाळत घालायचे हूक अशी कामे मी स्वतःच करते. माझ्याकडे वायरचे एक जुने ड्रिल आहे, पण त्याची मूठ गेल्या दोन पावसाळ्यांत इतकी चिकट झाली आहे की हात लावल्यावर साबणाने धुवावा लागतो. आता बिनवायरचे घ्यावे असा विचार आहे. येथील एका दुकानदाराने ‘४८ व्होल्ट, ४ अँपिअर-तास, दोन बॅटऱ्यांसह’ असा एक संच दाखवला, आणि त्याची किंमत नावाजलेल्या उत्पादकांच्या १८ व्होल्टच्या ड्रिलच्या निम्म्याहूनही कमी आहे. ४८ हे १८ पेक्षा मोठे असल्यामुळे मोह होतो आहे. पण इतके स्वस्त कसे, याचे कोडे सुटत नाही. आपण जाणकार मंडळी काय सुचवाल?

गिरमिट

ताई, बरे झाले विचारलेत, कारण बॅटरीविषयी जे लिहायचे होते त्याला आता निमित्त मिळाले.

या यंत्रांतील लिथियम-आयन सेल बहुधा १८६५० या मापाचे असतात, म्हणजे व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. अशा एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरतात आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. पाच सेल एकामागोमाग जोडले की सरासरी १८ आणि पूर्ण भरलेले असताना २१ व्होल्ट होतात. त्यामुळे एकच पाच सेलांची बॅटरी कोणी १८ व्होल्ट म्हणून विकतो, अमेरिकेत तिच्यावर २० लिहितात आणि काही जण २१ छापतात. येथवर कोणी खोटे बोलत नसतो. मात्र त्याच आकाराच्या डब्यावर ४८ किंवा ८८ लिहिलेले दिसले, आणि शेजारी ‘व्हीएफ’ अशी आणखी दोन अक्षरे असली, तर तो विजेचा दाब नव्हे, केवळ मोठा दिसावा म्हणून छापलेला आकडा समजावा. खरोखर ४८ व्होल्ट हवे असतील तर किमान तेरा सेल ओळीने लागतील, आणि ते मुठीखालच्या त्या लहान डब्यात मावणार नाहीत.

हे तपासायला काहीही उघडावे लागत नाही. चार्जरवरची बारीक अक्षरे वाचा. तिथे आउटपुट २१ व्होल्ट लिहिले असेल तर आत पाच सेल आहेत, १२.६ असेल तर तीन. खोक्यावर वाटेल ते छापता येते; चार्जर मात्र बॅटरीशी खोटे बोलू शकत नाही, नाहीतर एक तर बॅटरी भरणार नाही किंवा पेट घेईल.

यानंतर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. अशा एका सेलचे वजन साधारण ४५ ते ४८ ग्रॅम असते. पाच सेलांचे सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम, त्यावर डबा, पट्ट्या आणि संरक्षणाची इलेक्ट्रॉनिक पाटी धरून एकेरी रांगेची बॅटरी साडेतीनशे ते चारशे ग्रॅमच्या आसपास भरते. दोन रांगा, म्हणजे दहा सेल असतील तर वजन सहाशे ग्रॅमच्या पुढे जाते. या मापाच्या सेलांनी चार अँपिअर-तास, म्हणजे तेवढा विजेचा साठा, द्यायचा तर दोन रांगा लागतात. ‘चार’ लिहिलेली बॅटरी साडेतीनशे ग्रॅमच भरत असेल, तर पुढचा निष्कर्ष आपणच काढाल.

ओहमचा नियम

गिरमिट यांचा काटा सेलांची संख्या सांगतो, सेलांचा दर्जा सांगत नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. दीड अँपिअर-तासाचा आणि अडीच अँपिअर-तासाचा असे दोन १८६५० सेल वजनात जवळपास सारखेच असू शकतात. शिवाय ड्रिलला केवळ साठा पुरत नाही; भार आल्यावर क्षणभर वीस-तीस अँपिअर प्रवाह द्यावा लागतो, आणि ज्या सेलचा अंतर्गत रोध अधिक असतो त्याचा दाब अशा वेळी कोसळतो, सेल तापतो आणि संरक्षणाची पाटी यंत्र बंद करते. लॅपटॉपसाठी बनवलेले सेल कागदावर साठ्याने मोठे असतात, पण ते या कामाचे नव्हेत. म्हणून खरी परीक्षा भाराखालीच होते. बॅटरी पूर्ण भरून, पहिल्या गिअरमध्ये, एकाच लाकडात एकाच मापाचे लांब स्क्रू बसवत जावे आणि बॅटरी हाताला किती गरम लागते ते पाहावे. चांगली बॅटरी शेवटपर्यंत जवळपास सारख्या ताकदीने चालते आणि मग एकदम थांबते; हलकी बॅटरी अर्ध्यातच कण्हू लागते.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे अशा सेलांना आणि बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. मानक आयएस १६०४६, आणि बॅटरीच्या लेबलवर ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. तो असला म्हणजे बॅटरी उत्तम असे मुळीच नाही, पण जिथे तो क्रमांकच नाही तिथे विचारपूस थांबवावी.

गिरमिट

ओहमचा नियम यांची दुरुस्ती मान्य. काटा खोटे उघडे पाडतो, खऱ्याची हमी देत नाही, असे मी म्हणायला हवे होते.

बाविसावा मजला

या चर्चेत एक तक्रार मांडतो. कांजूरमार्गच्या नव्या इमारतीत राहायला आल्यावर मी एका नामवंत कंपनीचे १८ व्होल्टचे हॅमर ड्रिल घेतले. दुकानातल्या सगळ्या परीक्षांत ते उतरले होते. घरी मात्र टीव्ही टांगण्यासाठी भिंतीत सेंटिमीटरभर शिरल्यावर ते पुढे जाईना. दोन बिटे निळी पडली, बॅटरी संपली आणि खाली राहणाऱ्यांची दोन वेळा तक्रार आली. मग सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने आपले वायरचे जडशीळ यंत्र आणून मिनिटभरात चार भोके पाडली. माझे यंत्र कमअस्सल आहे, असेच मी समजायचे का?

गिरमिट

नाही, आपले यंत्र निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक आहे. त्याला चुकीच्या कामाला लावले गेले.

नव्या उंच इमारतींत, विशेषतः मुंबई-ठाण्याकडे, ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्याच भिंती काँक्रीटच्या ओततात, ज्याला बोलीत मायवान पद्धत म्हणतात. जुन्या इमारतीत खांब, तुळई आणि स्लॅब सोडले तर उरलेली भिंत विटांची असे, आणि तिच्यात साधे हॅमर ड्रिल सहज चाले. आपल्या घरात ‘उरलेली भिंत’ हा प्रकारच बहुधा नाही.

हॅमर ड्रिलमधील ठोका येतो कुठून, ते पाहण्यासारखे आहे. दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून उड्या मारतात, बस्स. माहितीपत्रकात मिनिटाला २७,००० ठोके असे लिहिलेले असते ते कोणत्याही निराळ्या शक्तीचे द्योतक नसून साधा गुणाकार असतो: मिनिटाला १,८०० फेरे आणि चकतीला १५ दात. हे ठोके संख्येने पुष्कळ पण अंगाने कृश असतात आणि त्यांना बळ मिळते ते तुम्ही मागून रेटल्यामुळे. इलेक्ट्रिशियनचे यंत्र रोटरी हॅमर होते. त्यात एक दट्ट्या हवेच्या उशीवर मागे-पुढे होऊन बिटाच्या शेपटीवर प्रत्यक्ष घण घालतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, परंतु प्रत्येक ठोका एक-दोन ज्यूलचा. त्याच्या बिटाच्या शेपटीला खाचा असतात आणि ते चकमध्ये किंचित सरकते राहते. ही एसडीएस पद्धत बॉशने हिल्टीच्या सहकार्याने १९७५ च्या सुमारास आणली. ही यंत्रे आता बिनवायरचीही मिळतात. पण आपल्याला वर्षातून दहा-बारा भोके पाडायची असतील तर रोटरी हॅमर भाड्याने आणावा किंवा इलेक्ट्रिशियनला चहा पाजावा.

उलट, ताईंच्या जांभ्याला हॅमरची गरजच नाही. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो. हॅमर लावून पाडलेले भोक तोंडाशी ढासळते, मोठे होते आणि रावल प्लग (स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लॅस्टिकची नळी) आत गरगर फिरतो. चिऱ्यात हॅमर बंद ठेवून, शक्य तर प्लगपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने बारीक बिटाने, न रेटता भोक पाडावे. मग ताईंनी हॅमरच्या चकत्यांचे पैसे तरी का द्यावेत, असा माझा प्रश्न आहे. साधा, हॅमर नसलेला, १२ व्होल्टचा नमुना सुमारे किलोभर वजनाचा असतो आणि खांद्याच्या वर हात करून पडद्याची दांडी बसवताना त्या हलकेपणाचे मोल कळते.

स्टुटगार्टकर

ज्या गावात मी राहतो तेथेच १८९५ साली फाइन या कंपनीने हाताने धरायचे पहिले विजेचे ड्रिल बनवले. ते छातीने रेटायचे धूड होते. आज आपण पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा ट्रिगर गृहीत धरतो, तो आकार अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकरच्या १९१७ च्या पेटंटमधून आला, आणि बॅटरीवर चालणारे ड्रिलही त्यांनीच १९६१ मध्ये बाजारात आणले. निकेल-कॅडमियमच्या सेलांवर चालणारे ते ड्रिल ताकदीने बेताचेच होते. ते चांद्रमोहिमेसाठी शोधले गेले, ही समजूत मात्र चुकीची आहे. चंद्रावर नेलेल्या ड्रिलच्या कामात त्या कंपनीचा हात होता खरा, पण ते पुढचे.

त्या चंद्रावरच्या ड्रिलची गोष्ट येथे मांडतो, कारण ती गिरमिट यांच्या मूळ मुद्द्याच्या अगदी जवळची आहे. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या वेळी डेव्हिड स्कॉट यांना जमिनीत सुमारे तीन मीटर खोल भोके पाडायची होती आणि ड्रिल त्याच्या साधारण निम्म्यावरच अडकले. मोटर आणि बॅटरी दोन्ही ठीक होत्या. घोटाळा दांड्यांच्या सांध्यात निघाला: एका दांड्याची मळसूत्री खाच दुसऱ्याच्या खाचेला अखंड जोडली जात नव्हती, त्यामुळे वर येणारी माती सांध्याशी तुंबून दांडा जखडला. पुढच्या मोहिमेसाठी बदलला तो सांधा.

घडणीकडे पाहताना मी दोन गोष्टी पाहतो. एक म्हणजे पकड. तर्जनी यंत्राच्या अंगावर बिटाच्या रेषेत सरळ ठेवून मधल्या बोटाने ट्रिगर दाबता आला, तर तळहात मोटरीच्या बरोबर मागे येतो आणि रेटा सरळ बिटात जातो. मूठ फार खाली असलेल्या यंत्रात रेटताना टोक वर उचलले जाते आणि भोक तिरके होते. दुसरी गोष्ट कवचाची. चांगल्या यंत्राचे कवच काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असते. कधी यंत्र उघडले तर कवचाच्या आतल्या बाजूस ‘पीए६-जीएफ३०’ असा ठसा दिसतो. म्हणजे नायलॉन ६ आणि तीस टक्के काचतंतू. साध्या एबीएस प्लॅस्टिकचे कवच दिसायला अधिक गुळगुळीत असते, पण तापलेल्या गिअरबॉक्सला ते तितके घट्ट धरून ठेवत नाही.

वऱ्हाडी ऊन

स्टुटगार्टच्या थंडीत टिकणारी बॅटरी अकोल्याच्या मे महिन्यात टिकेलच असे नाही, एवढीच भर घालतो. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांच्या चार्जिंगची कमाल मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते, आणि आमच्याकडे तेवढे तर सावलीत होते. तापलेली बॅटरी काढून लगेच चार्जरला लावली की चांगला चार्जर थांबतो आणि ती निवेपर्यंत वाट पाहतो. साधा चार्जर निमूटपणे भरत राहतो. म्हणून मी ड्रिलइतकीच चौकशी चार्जरची करतो. बॅटरीवर दोनच पट्ट्या असतील तर तापमान कळवायला मार्गच उरत नाही. जास्तीची तिसरी-चौथी पट्टी दिसली तर आतला तापमापक चार्जरशी बोलत असण्याची शक्यता असते.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बॅटरी ठेवू नये, आणि महिनोन्महिने वापर नसेल तर ती निम्मीअधिक भरून ठेवावी. पूर्ण रिकामी करून माळ्यावर टाकलेली बॅटरी पुढच्या दिवाळीच्या साफसफाईला चार्जर ओळखही दाखवत नाही.

चॅनेल-बिजागरी

ब्रशलेस, म्हणजे कार्बनचे ब्रश नसलेल्या, मोटरीवर अजून कोणी बोलले नाही. माझ्या मते रोज काम करणाऱ्याने दुसरा विचारच करू नये. कार्बन नाही, त्याचे घर्षण नाही, मोटर कमी तापते, तीच बॅटरी जास्त वेळ पुरते आणि यंत्र आखूड होते.

ओहमचा नियम

रोज काम करणाऱ्यासाठी हे मान्य आहे. घरगुती वापराच्या बाबतीत मला तितकी खात्री नाही. कार्बनच्या मोटरीत कार्बन झिजतो, पण घरी वर्षाला दहा-पंधरा तास चालणाऱ्या यंत्रात तो झिजून संपायला फार काळ लागेल, आणि बाहेरून झाकण काढून कार्बन बदलता येत असेल तर तो प्रश्न काही रुपयांत सुटतो. ब्रशलेस मोटरीत प्रवाहाची दिशा बदलण्याचे काम एक इलेक्ट्रॉनिक पाटी करते. ती गेली की गल्लीतला मोटर रिवाइंडिंगवाला हात टेकतो. पाटी मिळाली तर अख्खी बदलायची, नाही मिळाली तर यंत्र कपाटात. कोकणासारख्या दमट हवेत ही पाटी राळेत बुडवून बंद केलेली आहे की उघडी, यावर तिचे आयुष्य अवलंबून असते, आणि ते गिऱ्हाइकाला बाहेरून दिसत नाही.

ट्रिगर सोडताना झरोक्यातून बारीक निळसर ठिणग्या दिसल्या म्हणून कार्बनची मोटर कोणी नाकारू नये, ते स्वाभाविक आहे. ठिणग्यांचे पूर्ण कडेच दिसू लागले तर मात्र थांबावे.

गिरमिट

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण मी पारडे चॅनेल-बिजागरी यांच्या बाजूने किंचित झुकवीन, कारण बाजारात कार्बनच्या मोटरी आता अधिकाधिक स्वस्त यंत्रांतच उरत चालल्या आहेत आणि त्या यंत्रांचा चक, स्विच आणि बॅटरीही त्याच तोलाची असते. मोटर साधी आणि बाकी सगळे उत्तम, असे यंत्र सापडले तर जरूर घ्यावे.

सुटे भाग हा मुद्दा मात्र मी कोणालाही सोडू देणार नाही. दुकानदाराला ‘गॅरंटी किती’ हे विचारण्याआधी ‘याचे स्विच, चक आणि नुसती बॅटरी आज तुमच्याकडे आहे का, आणि कितीला’ हे विचारावे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीला हे प्रश्न विचारले की उत्तराच्या वेगावरूनच पुष्कळ समजते. गॅरंटीचे कार्डही वाचावे. यंत्राची मुदत आणि बॅटरीची मुदत पुष्कळदा निरनिराळी असते. सुट्या बॅटरीची किंमत जवळपास नव्या संचाइतकी असेल तर आपण ड्रिल घेत नसून बॅटरी घेत आहोत, आणि त्यासोबत एक ड्रिल येत आहे, असे समजून हिशेब करावा. चक बदलणे अवघड नाही. जबडे पूर्ण उघडले की तळाशी एक स्क्रू दिसतो. तो उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे नेहमी आवळतो त्या दिशेने फिरवल्यावर सैल होतो, आणि हे ठाऊक नसल्यामुळे त्याचे डोके उडवून माझ्याकडे आलेली दोन यंत्रे मी पाहिली आहेत.

ताईंच्या चिकट मुठीविषयी राहिले. मुठीवरचा तो थर खऱ्या रबराचा नसून मऊ प्लॅस्टिकचा असतो आणि दमट उष्ण हवेत काही मिश्रणे विघटित होऊन चिकट होतात. तो थर कमीत कमी आणि खडबडीत नायलॉनचे कवच जास्तीत जास्त, असे यंत्र आपल्या हवेसाठी निवडावे. दिसायला रुबाबदार, सगळीकडून काळ्या मऊ थराने मढवलेले यंत्र कोकणात फार दिवस रुबाबदार राहत नाही.

चिऱ्याचे घर

सर्वांचे आभार. काल पुन्हा त्या दुकानात गेले. पिशवीत स्वयंपाकघरातला काटा आणि सहाचे बिट नेले होते, त्यामुळे दुकानदार आधी हसला. ‘४८ व्होल्ट’च्या चार्जरवर बारीक अक्षरांत २१ व्होल्ट लिहिलेले होते. ‘४ अँपिअर-तास’ लिहिलेली बॅटरी काट्यावर ३४२ ग्रॅम भरली, आणि तिच्यावर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक कुठेही सापडला नाही. बिट मात्र सरळ फिरले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मग त्यालाच १२ व्होल्टचा, हॅमर नसलेला नमुना दाखवायला सांगितले. त्याच्या चार्जरवर १२.६ होते. तर्जनी अंगावर ठेवून मधल्या बोटाने ट्रिगर दाबता येतो, मूठ बहुतेक खडबडीत प्लॅस्टिकची आहे, आणि बॅटरी बसवून हलवल्यावर आवाज आला नाही. नुसती बॅटरी किती दिवसांत मिळेल असे विचारल्यावर त्याने फोन लावला आणि कोल्हापूरहून तीन दिवसांत येईल असे सांगितले. किंमत पहिल्या संचाहून बरीच जास्त पडली आणि बॅटरी एकच मिळाली.

आज सकाळी ओटीवरच्या चिऱ्यात चार भोके पाडली. तीन प्लग घट्ट बसले. चौथा दोन चिऱ्यांच्या मधल्या दर्जेत गेला, तो ड्रिलचा दोष नव्हे, माझा.